गाढवाच्या मटणाची पाटी

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाने काय करावं, याबद्दल मिसर देशातल्या शुब्रा भागातल्या आमच्या गल्लीचं पूर्ण एकमत आहे. त्याने सकाळी कहव्याच्या दुकानात बसावं, दुपारी झोपावं आणि संध्याकाळी पुन्हा त्याच खुर्चीत बसून, आज दुपारी मेली झोपच लागली नाही, असं चारचौघांना सांगावं. उस्ताद रिफअत बयूमी पाणीखात्याच्या तक्रार विभागातून तेहतीस वर्षांनी बाहेर पडले आणि यातलं काही एक न करता, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी युनिव्हर्सिटीत नाव घातलं. बरं, कायदा किंवा धर्मशास्त्र असला चार लोकांत सांगता येईल असा विषय तरी घ्यावा. ते नाही. ‘चित्रकथा आणि दृश्य संस्कृती’ या विषयाची दोन वर्षांची पदविका.

त्यांच्या पत्नी एनायातबाईंनी ते नाव दोनदा म्हणायला लावलं आणि मग कुवेतला असलेल्या मुलाला, हानीला, फोन करून सांगितलं की तुझ्या वडिलांची तब्येत तशी बरी आहे, पण तू एकदा येऊन जा. खालच्या मजल्यावरचे औषधवाले डॉक्टर नसीम काही न विचारता वर आले, रक्तदाब मोजला, आणि तो नॉर्मल निघाल्याचं पाहून जास्तच चिंतेत पडले. इमारतीच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष, लिफ्टच्या किल्लीचे एकमेव धनी आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मटणाच्या दुकानाचे मालक हाज शलबी दसूकी यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं की, लहान पोरांची चित्रं बघायला युनिव्हर्सिटी निघाली, तर आता मटण खायला कॉलेज कधी निघणार? उस्तादांनी पाव किलो खिमा घेतला आणि मान ताठ ठेवून घरी आले. तेहतीस वर्षं लोकांचं ऐकून न ऐकल्यासारखं करण्याचा सराव होता, तो कामी आला.

खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. उस्तादांचे वडील बयूमी हे खत्तात होते, म्हणजे सुंदर अक्षर काढणारे. दुकानाच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, कबरीचे दगड, जे येईल ते. पण त्यांचं खरं काम होतं दर गुरुवारी निघणाऱ्या मुलांच्या एका साप्ताहिकात. त्यात परदेशी चित्रकथा छापत. आता परदेशी लोक वाचतात डावीकडून आणि आपण उजवीकडून, तेव्हा छापखानेवाले सरळ सगळी चित्रंच आरशातल्यासारखी उलटी करत. त्यामुळे आमच्या पिढीच्या समजुतीप्रमाणे जगातले सगळे शूर पुरुष डावखुरे होते. डावखुरेपणा चालून जाई, पण चित्रातली अक्षरंही उलटी होत. मग बयूमी बसून ती अक्षरं पांढऱ्या रंगाने पुसत, बोलण्याच्या फुग्यांत अरबी लिहीत आणि मागच्या दुकानांच्या पाट्याही नव्याने रंगवत. बावीस वर्षं त्यांनी हे केलं. चित्रकाराचं नाव छापून येई, भाषांतर करणाऱ्याचं येई, छापखान्याचं येई. बयूमींचं एकदाही आलं नाही. वडील गेले तेव्हा उस्तादांनी त्यांच्या टाकांची डबी उचलून कपाटात ठेवली आणि मनाशी ठरवलं की हे नाव कुठेतरी, एकदा, छापून आलं पाहिजे. ते कुठे, एवढंच ठरायला तीस वर्षं लागली.

प्रवेशाची कथा थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगितली तर तुम्ही शिक्षणावरचा विश्वास गमावाल. विद्यार्थी विभागात मादाम एतिदाल नावाच्या बाई होत्या. त्यांनी उस्तादांकडे सैन्यसेवेचा दाखला मागितला. उस्ताद म्हणाले, बाई, मी बासष्ट वर्षांचा आहे, मला आता कोण सैन्यात नेतंय? त्या म्हणाल्या, प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक पुरुषाला लागतो, आपण पुरुष आहात ना? दाखला आणला, तर झेरॉक्सवर गरुडाचा सरकारी शिक्का नाही. शिक्का आणला, तर अर्धा गरुड उमटलेला. पूर्ण गरुड आणला, तर अर्जावर पालकाची सही राहिलेली. शेवटी पालक म्हणून एनायातबाईंनी सही केली आणि ‘विद्यार्थ्याशी नाते’ या रकान्यात ‘काय सांगायचं’ असं लिहिलं. ते मात्र मादाम एतिदालनी लगेच मान्य केलं. स्वतः उस्तादांनी पाणीखात्यात लोकांना असंच फिरवलं होतं, त्यामुळे त्यांना रागही नीट येईना.

वर्गात बावीस-तेवीस वर्षांची मुलं आणि शिकवायला डॉक्टर नेव्हीन, ज्या त्यांच्या सुनेपेक्षा दोन वर्षांनी लहान. पहिल्याच महिन्यात उस्तादांनी उलट्या चित्रांची हकिकत सांगितली, तेव्हा सगळा वर्ग लिहून घ्यायला लागला. आपण बोलतोय आणि लोक लिहून घेताहेत, हा अनुभव तक्रार विभागात तेहतीस वर्षांत आला नव्हता. उस्ताद दोन इंच उंच झाले. डॉक्टर नेव्हीन म्हणाल्या, प्रबंध यावरच लिहा, फार मोलाचं काम होईल. आणि मग त्यांनी सहज विचारलं, ही अक्षरं तुमच्याच वडिलांची होती, याला पुरावा काय?

“पुरावा?” उस्ताद म्हणाले. “मी त्यांचा मुलगा आहे.”

“तो तुम्ही त्यांचा मुलगा असल्याचा पुरावा झाला,” डॉक्टर नेव्हीन म्हणाल्या. “कागद हवा, उस्ताद. नाहीतर प्रबंधात ‘अज्ञात खत्तात’ असं लिहावं लागेल.”

अज्ञात. उस्ताद बसमधून घरी येईपर्यंत तो शब्द चघळत होते. ज्या माणसाने अर्ध्या शुब्राच्या कबरींवर नावं कोरायला लिहून दिली, तो अज्ञात. रात्री त्यांना जेवण गेलं नाही. प्रबंध द्यायला जूनअखेरची मुदत होती. त्याआधी कागद मिळाला नाही, तर ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला तेच नाव, आपल्याच हाताने, पुसून टाकायचं होतं.

मग छापखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. छापखाना दुसऱ्या छापखान्यात विलीन झालेला, तो तिसऱ्यात. जुने कागद असलेल्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते उमऱ्याच्या यात्रेला गेलेले. ते आले, खोली उघडली, तर साठच्या दशकातले कागद छत गळून एकमेकांना असे चिकटलेले की त्यांची वीट झाली होती. उस्तादांना ती वीट दाखवण्यात आली. हवी असल्यास तिची प्रमाणित प्रत मिळेल, असंही सांगण्यात आलं.

राहिले घरचे जुने अंक. एनायातबाईंनी तीनदा भंगारवाल्याला द्यायला काढलेले आणि तीनदा उस्तादांनी जिन्यातून परत आणलेले. भिंग घेऊन ते पानं चाळायला बसले आणि चौथ्या दिवशी ओरडलेच. चित्रात परदेशी शहर होतं, बर्फ पडत होता, डावखुरा नायक चोरामागे धावत होता, आणि मागच्या दुकानावर छोट्या अक्षरांत पाटी होती: ‘नसीम औषधालय, शुब्रा’. म्हणजे डॉक्टर नसीमच्या वडिलांचं दुकान. पुढच्या पानावर त्याच बर्फात फूल विकणाऱ्या हसनैनची गाडी. पाट्या रंगवायला नावं तर हवीत, मग बयूमींनी आपली सगळी गल्लीच त्या परक्या शहरात नेऊन बसवली होती.

डॉक्टर नेव्हीननी ते पाहिलं, हसल्या, त्यांचे डोळेही चमकले. पण म्हणाल्या, यावरून लिहिणारा तुमच्या गल्लीचा होता एवढं कळतं. कोण होता ते नाही.

इथे उस्तादांनी जन्मातली सगळ्यात मोठी चूक केली. त्यांनी ही गोष्ट डॉक्टर नसीमना सांगितली. आमच्या इमारतीत डॉक्टर नसीमना सांगणं आणि मशिदीच्या भोंग्यावरून सांगणं यात फरक इतकाच की भोंगा दिवसातून पाचच वेळा वाजतो. संध्याकाळपर्यंत सातव्या मजल्यावर उस्तादांच्या दारात रांग लागली. प्रत्येकाला आपला बाप, आपला काका, आपलं दुकान बघायचं होतं. एकाच्या आजोबांचा भाजीचा ठेला सापडला, तर तो आनंदाने रडला आणि चहा अंकावर सांडला. दुसऱ्याच्या वडिलांचं नाव कचरापेटीवर निघालं, तर त्याने ही पेटी नसून टपालपेटी आहे असा पाऊण तास वाद घातला. एनायातबाईंनी तीन दिवसांत साखरेची दोन पाकिटं संपवली. मग चौथ्या दिवशी हाज शलबी स्वतः वर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “आता आमच्या म्हाताऱ्याचं दुकान काढा.”

उस्तादांना ते आदल्याच दिवशी सापडलं होतं. अडुसष्ट सालचा अंक, पान अकरा. नायक घोड्यावरून उडी मारतोय, आणि मागे खाटकाच्या दुकानावर बयूमींच्या सर्वांत देखण्या, वेलबुट्टीच्या अक्षरात पाटी: ‘दसूकी खाटीक. ताजं गाढवाचं मटण’.

उस्ताद म्हणाले, अजून सापडलं नाही. हाज शलबी म्हणाले, नीट बघा, गल्लीत तेव्हा सगळ्यात मोठं दुकान आमचंच होतं. उस्ताद म्हणाले, बहुतेक कागदावर मावलं नसेल. हे त्यांनी समजूत घालायला म्हटलं होतं, पण हाजसाहेब उठले. कचरापेटीवाल्याला जागा आहे, फूलवाल्याला आहे, आणि ज्याच्या मटणावर ही गल्ली वाढली त्या आमच्या बापाला, दसूकी खाटकाला, नाही? दुसऱ्या दिवशी लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद झाली. ती फक्त सातव्या मजल्यासाठी बंद होती. दुकानात एनायातबाईंना किलोभर मटणात सातशे ग्रॅम हाडं आणि उरलेलं चामड्यासारखं काहीतरी मिळायला लागलं. त्यांनी तक्रार केली, तर उत्तर मिळालं की कागदावर न मावणाऱ्या दुकानात असंच मिळतं.

सहा दिवस एनायातबाईंनी भाजी सात मजले वाहून नेली. सातव्या दिवशी, दोन्ही हातांत पिशव्या, घाम गळतोय, आणि हाज शलबी खाली खुर्ची टाकून किल्ली बोटावर फिरवताहेत, असं दिसल्यावर त्यांचा तोल गेला. पिशव्या खाली ठेवून त्या म्हणाल्या, “तुमच्या वडिलांचं दुकान आहे हो त्यात. अकराव्या पानावर. गाढवाचं मटण विकताहेत. झालं समाधान?”

हाज शलबींनी किल्ली खिशात टाकली आणि जिन्याने वर निघाले. लिफ्ट त्यांनीच बंद केली होती आणि संतापाच्या भरात ते त्यांच्या लक्षात नव्हतं. एकशे चाळीस किलोचा माणूस सात मजले चढून आला. दारात उभे राहिले तेव्हा बोलायला श्वासच नव्हता, नुसता हात पुढे केला. उस्तादांनी मनातल्या मनात कलमा म्हटला आणि त्या हातात अंक आणि भिंग ठेवलं.

हाज शलबींनी ती पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग खुर्चीत बसून एनायातबाईंनी दिलेलं पाणी प्यायले आणि फार हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे म्हातारा खोटं बोलत नव्हता.”

ते उठून गेले. लिफ्टने गेले, एवढंच त्या दिवशी कळलं. उस्तादांनी आता वकील शोधावा की घर, यावर डॉक्टर नसीम आणि इतर मंडळींत एकमत होईना.

सकाळी हाज शलबी परत आले, काखेत पत्र्याचा डबा. म्हणाले, आमच्या म्हाताऱ्याला अक्षरओळख नव्हती. कुणीतरी त्याला ही पाटी वाचून दाखवली असणार. शाळेत पोरं माझ्यामागे ‘दसूकीचं गाढव, किलोभर वाढव’ असं ओरडत फिरायची, दोन वर्षं ओरडली. का, ते मला कधी कळलं नाही. इथे उस्ताद खाली बघायला लागले, कारण त्या पोरांत सहा वर्षांचे ते स्वतः सगळ्यात मोठ्याने ओरडत असत, आणि का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. हाज पुढे म्हणाले, बाप मरेपर्यंत सांगायचा की मी त्या पाटीवाल्याला कोर्टात खेचलाय. आम्हाला वाटायचं, वय झालं, काहीतरी बरळतोय. हा डबा त्याने उशाशी ठेवला होता. आम्ही कधी उघडून पाहिला नाही.

डब्यात कागद होता. पोलीस ठाण्यातली तक्रार, अडुसष्ट साल, रमजान ईदनंतरच्या महिन्यातली. उस्तादांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ‘आरोपी बयूमी अब्दुल मुगनी, धंदा खत्तात, राहणार शुब्रा, याने कबूल केले की सदर साप्ताहिकातील चित्रांतील सर्व अक्षरे तो गेली अनेक वर्षे स्वहस्ते काढतो व सदर पाटीही त्यानेच काढली. कारण विचारता सांगितले की फिर्यादीने ईदच्या मटणात हाडे घातली. आरोपीस एक रात्र ठाण्यात ठेवून, ताकीद देऊन सोडले.’ खाली जांभळ्या शाईत, दोन्ही पंख पसरलेला, अख्खा गरुड.

‘स्वहस्ते काढतो’ हे उस्तादांनी दोनदा वाचलं. पण ते थांबले खालच्या तारखेवर. त्यांना तो दिवस आठवत होता. वडील एकदाच रात्री घरी नव्हते. तंता शहरात चुलतभावाच्या लग्नाला गेलो होतो, असं म्हणाले, आणि हात हलवत परत आले. आता तंताला जाऊन फुटाणे आणि हलवा न आणता परतलेला माणूस अख्ख्या मिसरमध्ये सापडायचा नाही. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि नंतर आयुष्यभर, काही विसरलं की म्हणायची, हो, तंताच्या फुटाण्यांसारखंच ना. वडील नुसते हसायचे. सहा वर्षांचा रिफअत मात्र फुटाण्यांसाठी दिवसभर रडला होता.

हाज शलबींनी कागद मागे ओढला. “हा तुम्हाला मिळेल. पण आधी माफी. गल्लीत, सगळ्यांसमोर, रीतीप्रमाणे. तुमच्या बापानेच हे केलं, असं स्वच्छ शब्दांत कबूल करायचं.”

तर शुक्रवारच्या नमाजानंतर गल्लीत खुर्च्या मांडल्या, वडीलधारी बसली, चहा फिरला. उस्ताद उभे राहिले आणि म्हणाले, ती अक्षरं माझ्या वडिलांनी काढली, बयूमी अब्दुल मुगनींनी, दुसऱ्या कुणीही नाही, मी शपथेवर सांगतो, आणि फक्त तीच पाटी नव्हे, बावीस वर्षांतलं प्रत्येक अक्षर. माफी मागणाऱ्या माणसाचा चेहरा इतका आनंदी असलेला कुणी पाहिला नव्हता. दोन-तीन म्हाताऱ्यांना तर ही थट्टाच वाटली, म्हणून त्यांना पुन्हा एकदा, जरा दुःखाने, माफी मागायला लावली. मग हाज शलबींनी फत्ता, म्हणजे पाव, भात आणि मटणाचं ताट, आणला आणि पहिला तुकडा सर्वांसमोर उस्तादांनी खावा, असा आग्रह धरला. उस्तादांनी खाल्ला. मटण म्हशीचं आहे, असं जाहीर केलं. दोघांनी मिठी मारली, म्हणजे हाजसाहेबांनी मारली आणि उस्ताद काही वेळ दिसेनासे झाले.

हाजसाहेबांची आणखी एक अट होती. प्रबंधात तळटीप हवी की दसूकींच्या दुकानात गाढवाचं मटण कधीही विकलं गेलं नाही. डॉक्टर नेव्हीननी ती वाचली आणि विचारलं, याला पुरावा काय? हाज शलबी पाच किलो पुरावा कापून पाठवायला तयार होते. शेवटी ‘असे श्री. शलबी दसूकी यांचे म्हणणे आहे’ यावर तडजोड झाली.

उस्ताद प्रबंध घेऊन गेले, तेव्हा मादाम एतिदालनी तो कागद उजेडात धरला. मुदतीला दोन दिवस राहिले होते. बाईंनी जांभळा गरुड बराच वेळ पाहिला आणि बोटाने अलगद पंख चाचपले. “असा शिक्का आता कोण मारतं?” त्या म्हणाल्या, आणि तीस वर्षांत प्रथमच, दुसरा कुठलाही कागद न मागता, त्यांनी प्रबंध आत घेतला.

तोंडी परीक्षा पार पडली. प्रबंध ग्रंथालयात नोंदवला गेला. नोंद करणारा कारकून नियमाचा पक्का, पुराव्याच्या कागदावर जे नाव आहे तेच हुबेहूब उतरवायचं, हा त्याचा बाणा. त्यामुळे कार्डावर छापून आलं: ‘अक्षरे: आरोपी बयूमी अब्दुल मुगनी’. डॉक्टर नेव्हीन ओशाळल्या. म्हणाल्या, आपण दुरुस्तीचा अर्ज करू, तीन शिक्के लागतील फक्त.

उस्तादांनी ते कार्ड हातात घेतलं, छापील अक्षरांवरून अंगठा फिरवला. डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

“राहू द्या,” ते म्हणाले. “त्यांनी कबूल केलंय ना.”

तिथून ते घरी आले नाहीत. एनायातबाईंनी चार फोन केले, उचलले नाहीत. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ते दिसले तेव्हा दोन्ही हातांत दोरी बांधलेली खोकी होती. एक पुडा त्यांनी डॉक्टर नसीमना दिला आणि सगळ्यात मोठा हाज शलबींच्या दुकानात मटणाच्या ओट्यावर ठेवला. हाजसाहेबांनी हात पुसून उघडून पाहिलं. वर हलवा, खाली साखर लावलेले फुटाणे.

“तंताचे?” हाज शलबी म्हणाले. “कुणाचं लग्न होतं?”

“वडील गेले होते एका लग्नाला,” उस्ताद म्हणाले. “त्यांना हे आणायला जमलं नव्हतं.”

हाज शलबींनी एक फुटाणा तोंडात टाकला आणि लिफ्टची किल्ली पुढे केली.